तुळईचा विक्षेप

तुळईचा विक्षेप : भाराखाली तुळई वाकली असता तिच्या अक्षावरील एखादा बिंदू मूळ स्थानापासून अक्षाला लंब दिशेने जेवढा ढळतो, त्या अंतराला त्या बिंदूचा विक्षेप म्हणतात. वाकलेल्या अक्षाच्या रेषेला स्थितिस्थापक वक्र आणि त्या वक्राच्या स्पर्शरेषेने मूळ अक्षाशी केलेल्या कोनास उतार अशी संज्ञा आहे. बोलभाषेत ‘तुळईला झोळ आला’ असे म्हणतात तो झोळ म्हणजेच विक्षेप होय. तुळई मोडणार नाही एवढी बळकट असूनही ती वापरण्याच्या दृष्टीने निकामी ठरू शकते. वरची कौले सरकतात, खालच्या भिंतीला तडे जातात, दारे चौकटीत अडकतात, गच्चीवर पाणी साचते. म्हणून तुळईचे बल आणि तिची दृढता या दोन स्वतंत्र कसोट्या मानल्या जातात. विक्षेपाची गणना ही दुसऱ्या कसोटीची गणना असून स्थापत्य व यांत्रिक अभियांत्रिकीच्या सर्व अभ्यासक्रमांत तिचा समावेश असतो. प्रस्तुत नोंदीत या गणनेच्या पद्धती, त्यांचा परस्परसंबंध आणि अध्यापनाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व यांचा विचार केला असून उदाहरणे मुख्यत्वे वर्धा जिल्ह्यातील घरबांधणी, माती व शैक्षणिक परंपरा यांच्या अनुषंगाने घेतली आहेत.

ऐतिहासिक आढावा : तुळईच्या बलाचा पहिला पद्धतशीर विचार गॅलिलीओ यांनी १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळतो. एका टोकाशी भिंतीत रोवलेल्या व दुसऱ्या टोकाशी भार टांगलेल्या तुळईचा विचार त्यांनी केला. परंतु छेदातील प्रतिबलांची त्यांनी धरलेली वाटणी बरोबर नव्हती आणि विक्षेपाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला नव्हता. ताण व लांबीतील वाढ समप्रमाणात असतात, हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये मांडला. वाकलेल्या तुळईची वक्रता त्या ठिकाणच्या नमन परिबलाच्या प्रमाणात असते, ही कल्पना याकोप बेर्नुली यांची. डॅन्येल बेर्नुली व लेओनार्ट ऑयलर यांनी तिला गणिती रूप दिले. ऑयलर यांचे स्थितिस्थापक वक्रांचे विवेचन १७४४ मध्ये प्रसिद्ध झाले. छेदातील ताण व दाब यांचा समतोल कूलंब यांनी १७७३ मध्ये सादर केलेल्या निबंधात विशद केला.

या सर्व विचारांना अभियंत्याच्या उपयोगाचे रूप आले ते मात्र वर्गाच्या निमित्ताने. फ्रान्समधील पूल व रस्ते विद्यालयात नाव्ह्ये यांनी दिलेली व्याख्याने १८२६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तुळई मोडते केव्हा हे पाहण्यापेक्षा ती स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत कशी वागते हे पाहावे, अशी दिशा त्या व्याख्यानांनी दिली. पुढील शतकात या विषयात ज्या अनेक पद्धती निघाल्या त्यांतील बऱ्याच अध्यापकांच्या आहेत. आटो मोर हे जर्मनीत, चार्ल्स ग्रीन व हार्डी क्रॉस हे अमेरिकेत, तर विल्यम मॅकॉले हे केंब्रिज येथे अध्यापन करीत. पद्धतींची संख्या वाढली याचे एक कारण प्रश्नांची विविधता हे असले, तरी विद्यार्थ्याला कमी आकडेमोडीत व कमी चुका होऊ देता उत्तरापर्यंत नेणे हेही तितकेच महत्त्वाचे कारण होते.

मूलभूत सिद्धांत : तुळई खाली वाकताना तिचे वरचे तंतू आखूड व खालचे तंतू लांब होतात. या दोहोंच्या मध्ये ज्यांची लांबी बदलत नाही अशा तंतूंचा एक थर असतो. त्यास उदासीन पृष्ठ म्हणतात. छेद वाकण्यापूर्वी सपाट असतो व वाकल्यावरही सपाटच राहतो, पदार्थ हूक यांचा नियम पाळतो आणि विक्षेप गाळ्याच्या मानाने अगदी लहान असतो, अशी तीन गृहीते धरली म्हणजे वक्रता ही नमन परिबलास, यंग गुणांक व छेदाचे निरूढी परिबल यांच्या गुणाकाराने भागून मिळते. या गुणाकारास नमन दृढता म्हणतात. तीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. यंग गुणांक पदार्थावर अवलंबून असतो : पोलादासाठी तो सुमारे २,००,००० न्यूटन प्रती चौ. मिमी., २५ न्यूटन प्रती चौ. मिमी. बलाच्या काँक्रीटसाठी सुमारे २५,००० आणि सागवानासाठी सुमारे १०,००० धरतात. निरूढी परिबल केवळ छेदाच्या आकारावर अवलंबून असते. आयताकृती छेदासाठी ते रुंदीला उंचीच्या घनाने गुणून व १२ ने भागून काढतात.

विक्षेप लहान असताना वक्रता ही विक्षेपाच्या द्वितीय अवकलजाएवढी मानता येते. त्यामुळे भारापासून विक्षेपापर्यंत एक अखंड साखळी तयार होते : भाराचे समाकलन केले असता कर्तन प्रेरणा, तिचे समाकलन केले असता नमन परिबल, त्यास नमन दृढतेने भागून समाकलन केले असता उतार आणि उताराचे समाकलन केले असता विक्षेप मिळतो. विक्षेप काढण्याच्या बहुतेक पद्धती म्हणजे या साखळीतील शेवटच्या दोन पायऱ्या चढण्याचे निरनिराळे मार्ग होत. [→ स्थितिस्थापकता].

नेहमीच्या प्रकारांसाठी येणारी कमाल विक्षेपाची सूत्रे पुढीलप्रमाणे आहेत. यांत भ = एकूण भार, घ = गाळ्याच्या लांबीचा घन, य = यंग गुणांक व न = निरूढी परिबल होय.

दोन्ही टोके नुसती टेकलेली, मध्यभागी एकवटलेला भार : भघ ÷ ४८यन.
दोन्ही टोके नुसती टेकलेली, सर्वत्र सारखा पसरलेला भार : ५भघ ÷ ३८४यन.
दोन्ही टोके पक्की रोवलेली, मध्यभागी एकवटलेला भार : भघ ÷ १९२यन.
दोन्ही टोके पक्की रोवलेली, सर्वत्र सारखा पसरलेला भार : भघ ÷ ३८४यन.
एक टोक रोवलेले व दुसरे मोकळे, मोकळ्या टोकाशी भार : भघ ÷ ३यन.
एक टोक रोवलेले व दुसरे मोकळे, सर्वत्र सारखा पसरलेला भार : भघ ÷ ८यन.

एक उदाहरण : वर्धा जिल्ह्यातील जुन्या घरांत मातीच्या किंवा विटांच्या भिंतींवर सागवानी तुळया टाकून त्यांवर वासे, रिपा व कौले घालण्याची पद्धत सर्वत्र दिसते. अशा एका तुळईचा गाळा ३ मी., छेद १०० मिमी. रुंद व २०० मिमी. उंच आणि तिच्यावर सारखा पसरलेला एकूण भार ६,००० न्यूटन (सुमारे ६१० किग्रॅ. वजन) आहे असे मानू. छेदाचे निरूढी परिबल सुमारे ६ कोटी ६७ लक्ष मिमी. चतुर्घात येते. तुळई भिंतींवर नुसती टेकलेली असल्याने वरील दुसरे सूत्र वापरता मध्यावरील विक्षेप सुमारे ३·२ मिमी. मिळतो. कौलांसारखे ठिसूळ आच्छादन पेलणाऱ्या लाकडी तुळईचा विक्षेप गाळ्याच्या १/३६० पेक्षा अधिक नसावा, असा भारतीय मानकाचा संकेत आहे. ही मर्यादा येथे ८·३ मिमी. येते. तुळई कसोटीस उतरते.

आता हीच तुळई आडवी, म्हणजे २०० मिमी. रुंद व १०० मिमी. उंच अशी टाकली तर काय होईल? छेदातील कमाल नमन प्रतिबल ३·४ वरून ६·८ न्यूटन प्रती चौ. मिमी. होते. ते दुप्पट झाले तरी सागवानाच्या सुरक्षित प्रतिबलाच्या आतच राहते. विक्षेप मात्र चौपट होऊन १२·७ मिमी. वर जातो. केवळ बल पाहणारा अभियंता ही तुळई निर्धास्तपणे मंजूर करील. तिच्यावरची कौले मात्र हलतील आणि पावसाळ्यात घर गळेल. उभी तुळई ठेवून गाळा ३ मी. ऐवजी ४·५ मी. केला व दर मीटरचा भार तोच राहिला, तर विक्षेप गाळ्याच्या चतुर्थ घातानुसार वाढून ५ पटींहून अधिक, म्हणजे १६ मिमी. होतो. मर्यादा तेव्हा १२·५ मिमी. असते. गाळा दीडपट केला म्हणजे झोळही साधारण दीडपट होईल, हा सर्वसाधारण अंदाज येथे पूर्णपणे चुकतो. विद्यार्थ्याच्या मनात प्रथम रुजवावयाची गोष्ट हीच होय.

गणनपद्धती : (१) द्विवार समाकलन पद्धती : तुळईच्या प्रत्येक भागासाठी नमन परिबलाचे समीकरण मांडून त्याचे दोनदा समाकलन करतात. प्रत्येक समाकलनातून एक स्थिरांक येतो. हे स्थिरांक सीमा अटींवरून ठरतात : टेकलेल्या टोकाशी विक्षेप शून्य, रोवलेल्या टोकाशी विक्षेप व उतार दोन्ही शून्य, सममित तुळईच्या मध्याशी उतार शून्य इत्यादी. ही पद्धत सर्वांत मूलभूत आहे व तीत संपूर्ण वक्राचे समीकरण हाती येते. मात्र भार अनेक असतील तर प्रत्येक भागासाठी वेगळे समीकरण व दोन नवे स्थिरांक येतात. तीन एकवटलेल्या भारांसाठी आठ स्थिरांक काढावे लागतात.

(२) मॅकॉले पद्धती : ही अडचण दूर करण्याची युक्ती मॅकॉले यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केली. तत्सम कल्पना जर्मन गणितज्ञ क्लेब्श यांच्या १८६२ मधील ग्रंथातही आढळते. यात संपूर्ण तुळईसाठी नमन परिबलाचे एकच समीकरण मांडतात. प्रत्येक भाराचे पद विशिष्ट कंसात लिहितात; कंसातील राशी ऋण झाली की ते पद शून्य धरावयाचे आणि समाकलन करताना कंस न सोडता तो अखंड ठेवावयाचा, असा नियम असतो. त्यामुळे भार कितीही असले तरी स्थिरांक दोनच राहतात. परीक्षेच्या दृष्टीने ही पद्धत विद्यार्थ्यांत सर्वांत लोकप्रिय आहे. कंस सोडवून मग समाकलन करणे आणि मध्येच संपणारा पसरलेला भार टोकापर्यंत वाढवून तेवढाच उलटा भार घालण्यास विसरणे, या दोन चुका तीत वारंवार होतात.

(३) परिबल-क्षेत्र पद्धती : मोर यांनी १८६८ मध्ये मांडलेल्या विचारातून व मिशिगन विद्यापीठातील ग्रीन यांच्या १८७३ च्या सुमाराच्या अध्यापनातून ही पद्धत पुढे आली. नमन परिबलाच्या आलेखास नमन दृढतेने भागले असता मिळणाऱ्या आकृतीविषयी तीत दोन प्रमेये आहेत. पहिले : दोन बिंदूंच्या उतारांतील फरक हा त्यांमधील आकृतीच्या क्षेत्रफळाएवढा असतो. दुसरे : एका बिंदूचे दुसऱ्या बिंदूतून काढलेल्या स्पर्शरेषेपासूनचे अंतर हे त्यांमधील क्षेत्रफळाच्या पहिल्या बिंदूभोवतीच्या परिबलाएवढे असते. मोकळ्या टोकाशी भार असलेल्या तुळईची आकृती त्रिकोणी असते. तिचा पाया गाळ्याएवढा, रोवलेल्या टोकाशी उंची भार गुणिले गाळा आणि गुरुत्वमध्य मोकळ्या टोकापासून गाळ्याच्या दोन तृतीयांश अंतरावर असतो. क्षेत्रफळास या अंतराने गुणून व नमन दृढतेने भागून भघ ÷ ३यन हे सूत्र एका ओळीत मिळते. ज्याला समाकलनाचा धाक वाटतो अशा विद्यार्थ्याला या पद्धतीत विक्षेप डोळ्यांना दिसू लागतो. तुळईची जाडी मध्येच बदलत असेल तर हीच पद्धत सोयीची ठरते.

(४) संयुग्मी तुळई पद्धती : मूळ तुळईच्या परिबल आकृतीलाच एका कल्पित तुळईवरील भार मानले, तर त्या कल्पित तुळईतील कर्तन प्रेरणा म्हणजे मूळ तुळईचा उतार आणि तिच्यातील नमन परिबल म्हणजे मूळ तुळईचा विक्षेप होय. त्यासाठी आधारांची अदलाबदल करावी लागते : मूळ तुळईचे रोवलेले टोक कल्पित तुळईत मोकळे होते व मोकळे टोक रोवलेले होते. या मांडणीला वेस्टरगार्ड यांनी १९२१ मध्ये व्यवस्थित रूप दिले. ज्याने कर्तन व परिबल यांचे आलेख काढण्याचा सराव केला आहे त्याला येथे नवे काहीच शिकावे लागत नाही.

(५) ऊर्जा पद्धती : वाकलेल्या तुळईत साठलेल्या विकृति-ऊर्जेवरूनही विक्षेप काढता येतो. एकूण ऊर्जेचा एखाद्या भारासापेक्ष आंशिक अवकलज काढला असता त्या भाराच्या ठिकाणचा त्याच दिशेतील विक्षेप मिळतो, हे प्रमेय इटलीतील रेल्वे अभियंते कास्तील्यानो यांचे आहे. त्यांचा प्रबंध १८७३ मध्ये व ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे विक्षेप हवा तेथे एकक भार कल्पून काम करण्याची पद्धत मॅक्सवेल (१८६४) व मोर यांच्याकडून आली. तुळईइतकीच ती कैची व चौकटी यांनाही लागू पडते. मॅक्सवेल यांचे व्युत्क्रम प्रमेयही येथेच येते : अ या बिंदूवर भार ठेवल्याने ब येथे होणारा विक्षेप, तोच भार ब वर ठेवल्याने अ येथे होणाऱ्या विक्षेपाएवढा असतो.

(६) अध्यारोपण : विक्षेप भाराच्या प्रमाणात असल्याने अनेक भारांचा एकत्रित परिणाम हा त्यांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेएवढा असतो. प्रत्यक्ष कामात अभियंता बहुधा हीच पद्धत वापरतो. कोष्टकातील सूत्रे घेऊन बेरीज करतो.

अनिश्चित तुळया : ज्या तुळईच्या आधारांवरील प्रतिक्रिया केवळ समतोलाच्या समीकरणांवरून काढता येत नाहीत तिला स्थितिकीदृष्ट्या अनिश्चित तुळई म्हणतात. येथे विक्षेपाची गणना ही शेवटची पायरी नसून पहिली होते, कारण प्रतिक्रिया शोधण्यासाठीच विक्षेपाच्या अटी लागतात. अखंड तुळयांसाठी क्लापेरॉन यांचे त्रिपरिबल प्रमेय (१८५७), मेनी यांची उतार-विक्षेप पद्धती (१९१५) व हार्डी क्रॉस यांची परिबल-वाटप पद्धती (१९३०) प्रसिद्ध आहेत. क्रॉस यांच्या पद्धतीने अनेक समीकरणे एकदम सोडविण्याचे कष्ट वाचले आणि संगणक येईपर्यंत सुमारे तीस वर्षे काँक्रीटच्या इमारतींचे बहुतेक विश्लेषण तिच्याच आधारे झाले.

वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने या भागाला विशेष महत्त्व आहे. जिल्ह्याचा बराच भाग बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे उथळ पायांचे खांब कमीअधिक खचतात. दोन भिंतींवर नुसत्या टेकलेल्या लाकडी तुळईचे एक टोक थोडे खचले तर ती केवळ कलते. तिच्यात नवे परिबल निर्माण होत नाही. दोन्ही टोके पक्की असलेल्या तुळईत मात्र खचलेले अंतर गुणिले ६यन भागिले गाळ्याचा वर्ग एवढे परिबल निर्माण होते. काँक्रीटच्या २३० मिमी. रुंद, ४०० मिमी. उंच व ४ मी. गाळ्याच्या तुळईचे एक टोक अवघे ५ मिमी. खचल्यास हे परिबल सुमारे ५७ किलोन्यूटन-मीटर येते. याच तुळईवर दर मीटरला २० किलोन्यूटन भार असता टोकाशी येणारे परिबल सुमारे २७ किलोन्यूटन-मीटर असते. तडे व विसर्पण यांमुळे प्रत्यक्षातील परिबल या गणिती आकड्यापेक्षा कमी भरते हे खरे. तथापि अभियंत्याने विचारात न घेतलेले खचणे हे त्याने काटेकोरपणे मोजलेल्या भारापेक्षा घातक ठरू शकते, एवढे यावरून स्पष्ट होते. मातीच्या घरातील टेकलेल्या तुळया खचणे सोसतात आणि त्याच गावातील नव्या काँक्रीटच्या चौकटीला तडे जातात, याचे एक कारण येथे आहे.

गणनेच्या मर्यादा : वरील सूत्रे आदर्श तुळईची आहेत. आखूड व उंच तुळईत कर्तनामुळे होणारा विक्षेपही लक्षात घ्यावा लागतो. ही दुरुस्ती टिमोशेंको यांनी १९२१ मध्ये मांडली. प्रबलित काँक्रीटला ताणाच्या बाजूस तडे गेले की निरूढी परिबल कमी होते. शिवाय कायम भाराखाली काँक्रीट काळानुसार विरूपण पावत राहते, यास विसर्पण म्हणतात. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार २८ दिवसांनी भार दिलेल्या काँक्रीटचा विसर्पण गुणांक १·६ धरतात, म्हणजे तत्काळ विकृतीच्या १·६ पट विकृती पुढे आणखी येते. त्यामुळे त्या मानकात विसर्पणासह अंतिम विक्षेप गाळ्याच्या १/२५० पेक्षा अधिक आणि भिंती उभारल्यानंतर होणारा विक्षेप गाळ्याच्या १/३५० किंवा २० मिमी. यांपैकी कमी असेल त्यापेक्षा अधिक नसावा, अशा दोन वेगळ्या मर्यादा दिल्या आहेत. नेहमीच्या कामात सविस्तर गणनेऐवजी गाळा व तुळईची उंची यांचे गुणोत्तर पाहतात, १० मी. पर्यंतच्या गाळ्यांसाठी त्याची मूळ मूल्ये मोकळ्या टोकाच्या तुळईस ७, टेकलेल्या तुळईस २० व अखंड तुळईस २६ आहेत. ओल्या लाकडाचा व बांबूचा झोळही काळानुसार वाढतो. फिरत्या भाराने होणारा विक्षेप स्थिर भारापेक्षा अधिक असू शकतो. रेल्वे पुलांच्या संदर्भात विलिस व स्टोक्स यांनी इंग्लंडमध्ये १८४९ च्या सुमारास याचा अभ्यास केला. त्यानंतर लवकरच, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळ–नागपूर मार्ग वर्धा जिल्ह्यातून पूर्ण झाला. पुलगाव हे गावाचे नाव वर्धा नदीवरील रेल्वे पुलावरून पडले आहे. [→ पूल].

अध्यापन : महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या पद्धतशीर शिक्षणाची सुरुवात पुणे येथे १८५४ मध्ये निघालेल्या अभियांत्रिकी वर्गापासून मानतात. विदर्भात नागपूर येथे १९१४ मध्ये अभियांत्रिकी विद्यालय निघाले. पदवी शिक्षणासाठी नागपूर येथील विश्वेश्वरय्या प्रादेशिक महाविद्यालय (१९६०) व अमरावती येथील शासकीय महाविद्यालय (१९६४) ही प्रमुख केंद्रे होती. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये स्थापन झाले आणि जिल्ह्यातील ग्रामीण विद्यार्थ्यांना हे शिक्षण घराजवळ मिळू लागले.

विक्षेपाच्या पद्धती शिकविताना सर्व पद्धती एकामागून एक देऊन प्रत्येकीची उदाहरणे सोडवून घेण्याचा प्रघात आहे. त्यामुळे विद्यार्थ्याला सहा वेगळे विषय शिकल्याचा भास होतो व कोणती पद्धत केव्हा वापरावी हे उमगत नाही. एकच तुळई सर्व पद्धतींनी सोडवून उत्तर एकच येते हे दाखविल्यास हा भ्रम दूर होतो. संपूर्ण वक्र हवा असेल तर समाकलन, अनेक भार असतील तर मॅकॉले, एकाच बिंदूचा विक्षेप हवा असेल किंवा जाडी बदलती असेल तर परिबल-क्षेत्र, चौकट असेल तर एकक भार आणि घाईने पडताळा घ्यावयाचा असेल तर अध्यारोपण, अशी निवड मग आपोआप होते.

गणिती चुकांपेक्षा आधारांविषयीच्या चुका अधिक गंभीर असतात. वर दिलेल्या सागवानी तुळईची टोके भिंतीत ‘पक्की’ धरून चौथे सूत्र वापरले, तर विक्षेप ३·२ ऐवजी ०·६ मिमी. येतो. आकडेमोड निर्दोष, एकके बरोबर आणि तरीही उत्तर पाच पट चुकीचे. मातीच्या भिंतीत वीतभर शिरलेले लाकूड हे पक्के टोक नव्हे, हे कोणतेही सूत्र सांगत नाही. ते भिंत पाहूनच कळते. त्यामुळे सीमा अटी लिहिण्यापूर्वी प्रत्यक्ष सांधा कसा आहे याचे रेखाचित्र काढण्याची सवय लावणे आवश्यक असते.

यासाठी साधे प्रयोग पुरतात. २५ मिमी. रुंद व ३ मिमी. जाड पोलादी पट्टी ९०० मिमी. अंतरावरील दोन धारांवर ठेवून मध्यभागी ५ न्यूटनचे (सुमारे ५१० ग्रॅ.) वजन टांगल्यास ती ६·७५ मिमी. झुकते. हे अंतर साध्या मोजपट्टीने मोजता येते. वजन दुप्पट केले की विक्षेप दुप्पट होतो. गाळा निम्मा केला की तो एक अष्टमांश म्हणजे सुमारे ०·८ मिमी. होतो व मोजण्यास डायल गेज लागते. मूळ गाळ्यावर दोन्ही टोके शिकंज्यात आवळली तर सूत्राप्रमाणे विक्षेप चतुर्थांश, म्हणजे १·७ मिमी. यावयास हवा, प्रत्यक्षात तो त्याहून अधिक येतो, कारण शिकंजा पूर्णपणे पक्का नसतो. ‘पक्के’ व ‘टेकलेले’ या दोन टोकांच्या कल्पना असून खरा आधार त्यांच्या मध्ये कोठेतरी असतो, हे या एका प्रयोगाने मनावर ठसते. वजन एका बिंदूवर व मोजपट्टी दुसऱ्या बिंदूवर ठेवून नंतर अदलाबदल केल्यास मॅक्सवेल यांचे प्रमेय पडताळता येते. पोलादाऐवजी बांबू घेतल्यास प्रश्न उलटा होतो : विक्षेप मोजून त्यावरून यंग गुणांक काढावयाचा. बांबू पोकळ व निमुळता असल्याने छेद सर्वत्र सारखा नसतो आणि निरनिराळ्या नगांची उत्तरे निरनिराळी येतात. नैसर्गिक पदार्थासाठी सुरक्षितता गुणक अधिक का धरतात, याचे उत्तर विद्यार्थ्याला स्वतःच सापडते.

हाताने केलेल्या कामातून ज्ञान मिळावे, हे तत्त्व वर्धा येथे शिक्षणाच्या संदर्भात पूर्वीच मांडले गेले होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून व झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून नई तालीम किंवा वर्धा योजना आकारास आली. ती ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी होती व तिचा अभियांत्रिकीशी थेट संबंध नव्हता. परंतु हस्तव्यवसायातून गणित व विज्ञान शिकविण्याचा तिचा आग्रह या विषयाला नेमका लागू पडतो. जिल्ह्यात त्यासाठी साधनेही उपलब्ध आहेत. सेवाग्राम आश्रमातील १९३६ नंतर बांधलेल्या कुटी मातीच्या भिंती, लाकूड व बांबू यांचा सांगाडा आणि कौले अशा स्थानिक सामग्रीच्या असून लहान गाळे व जवळजवळ टाकलेले आधार यांमुळे कमी दृढतेच्या पदार्थांतही झोळ मर्यादेत कसा ठेवता येतो, हे तेथे पाहावयास मिळते. वर्धा येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने शंकूच्या आकाराच्या मातीच्या कौलांच्या कमानींची छपरे प्रचारात आणली. कमानीत मुख्यतः दाब निर्माण होतो व नमन अल्प असते. त्यामुळे लाकडी किंवा पोलादी तुळईची गरजच उरत नाही. विक्षेपाचा प्रश्न सोडविण्याचा एक मार्ग तो टाळणे हाही असतो, हे अशा छपरावरून शिकविता येते.

परिभाषा हाही अध्यापनातील एक प्रश्न आहे. विक्षेप (स्थानातील बदल), विकृती (लांबीतील सापेक्ष बदल) व विरूपण (आकारातील बदल) या तीन संज्ञा व्यवहारात एकमेकींऐवजी वापरल्या जातात व त्यातून गोंधळ होतो. २०२१–२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिक्षणास परवानगी दिल्यामुळे या संज्ञा काटेकोर असण्याची गरज वाढली आहे.

संगणकाचा वापर : १९५६ मध्ये टर्नर, क्लफ व त्यांचे सहकारी यांनी विमानाच्या सांगाड्यासाठी मांडलेल्या पद्धतीतून सांत घटक पद्धती विकसित झाली, हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. तुळईचे लहान घटक कल्पून प्रत्येकाची दृढता सारणीरूपात मांडतात व सर्व समीकरणे संगणकाकरवी एकदम सोडवितात. आता बहुमजली इमारतींचे विश्लेषण अशाच प्रणालींनी होते आणि हाताने लांबलचक गणना करण्याची गरज उरलेली नाही. तथापि आधार पक्का की टेकलेला, खचणे धरावयाचे की नाही, छेद तडा गेलेला मानावयाचा की अखंड, हे संगणकाला माणसानेच सांगावे लागते. संगणकाचे उत्तर योग्य परिमाणाचे आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन ओळींची ढोबळ गणना करता येणे आवश्यक असते. टेकलेल्या टोकांच्या सूत्राने व पक्क्या टोकांच्या सूत्राने येणारी उत्तरे या दोन सीमा होत. आधार न खचणाऱ्या एका गाळ्याच्या तुळईचा तत्काळ विक्षेप बहुधा या सीमांच्या दरम्यान असावा लागतो. तो तसा नसल्यास प्रथम दिलेली माहिती तपासतात. हस्तपद्धतींचे अध्यापन अभ्यासक्रमात टिकून आहे ते मुख्यतः याच कारणाने.